नाकुलीचा भोपळा अडकला

एक होतं तळं.
तळ्याला होता काठ.
काठाला होतं बीळ.
आणि बिळात राहायची नाकुली.

नाकुली म्हणजे चिचुंद्री. इवलीशी. मऊ मऊ. डोळे मिचमिचे, पाय चिमुकले. आणि नाक? नाक लांबच लांब! नाकुली कुठेही गेली, की आधी नाक पोचायचं, मग नाकुली पोचायची.

आज नाकुली पोहायला शिकणार होती. आज पहिल्यांदा!

तिने डोक्यावर टोपी घातली. कसली टोपी? जास्वंदीच्या लाल पाकळीची.

नाकाला चिमटा लावला. कसला चिमटा? वाळक्या गवताचा. पण चिमटा लावला की नाकुली गेंगाणी बोलायची. "आँई, बँघ नाँ!" आई इतकी हसली, इतकी हसली. मग चिमटा काढून नाकुलीने गळ्यात अडकवला.

आता राहिला भोपळा. लिंबाएवढा भोपळा. वाळलेला, आतून पोकळ. त्याला आईने दोन बंद लावले होते, दप्तराला असतात तसे. भोपळा पाण्यात बुडत नाही. भोपळा पाठीवर घेतला की नाकुलीही बुडणार नाही.

आई पाण्यात शिरली. छुबुक छुबुक पोहत चपट्या दगडापाशी गेली. दगडावर छान ऊन पडलं होतं.

"नाकुले," आई तिथून म्हणाली, "भोपळा घाल आणि ये माझ्याकडे. दगडावर ऊन आहे तोवर पोहायचं. ऊन गेलं की पाणी थंडगार. मग घरी जायचं."

"आले आले आले!" नाकुली म्हणाली.

तिने भोपळा खाली ठेवला. टोपी जराशी सरळ केली. एवढंच केलं हो! पण काठाला होता उतार.

गड गड गड गड...
भोपळा निघाला!
गड गड गड गड...
नाकुली मागे धावली. लुटुलुटु, लुटुलुटु.
गड गड गड... खट्!

काठावर बसली होती म्हैस. म्हशीशेजारी होता धोंडा. म्हैस आणि धोंडा यांच्यामधल्या फटीत भोपळा जाऊन बसला. घट्ट!

नाकुलीने ओढला. हुं!
आणखी ओढला. हुंऽऽऽ!
भोपळा हलला नाही. नाकुलीच आपटली. धप्!

मग ती म्हशीच्या तोंडापाशी गेली. म्हैस रवंथ करत होती. कचर कचर, कचर कचर.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ ना!
भोपळा काही सुटत नाही,
आणि मला जायचंय आईकडे!"

म्हशीने एक डोळा उघडला. एक मिटलेलाच ठेवला.

"ऊंऽ हूं! पोट माझं गार, पाठ माझी गरम. मला नाही उठवत."

"मग कधी उठशील?"

"पाठीवर पाणी पडू दे. पडलं की मी उठले."

नाकुली धावत पाण्याशी गेली. दोन हातांची ओंजळ केली. ओंजळीत मावला एक थेंब. तो तिने नीट सांभाळत आणला आणि म्हशीवर उडवला. टिप्!

"माशी बसली वाटतं," म्हैस म्हणाली आणि तिने शेपूट मारली. फटक!

"आई!" नाकुली ओरडली. "म्हैसमावशी उठत नाही!"

"कुणाला तरी विचार," आई दगडावरून म्हणाली. "मी इथेच आहे. कुठ्ठे जात नाही."

आईच्या दगडावर ऊन होतं परातीएवढं.

म्हशीच्या शेजारीच होता घाट. दगडी पायऱ्यांचा. रोज संध्याकाळी गावातली मोठी माणसं तिथे पोहायला यायची. आजही आली होती. सगळी तयार. सगळी पायऱ्यांवर. आणि पाण्यात? पाण्यात एकही नाही!

नाकुली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

सगळ्यात खालच्या पायरीवर होते ट्यूबकाका. पोट मोठं, ट्यूब त्याहून मोठी. ट्रकच्या चाकातली, काळी काळी. ट्यूबच्या मधोमध काका, जसा मेदूवड्याच्या मधे बटाटेवडा.

"ट्यूबकाका, ट्यूबकाका, उडी मारा ना!
म्हैसमावशी उठत नाही,
भोपळा काही सुटत नाही,
आणि मला जायचंय आईकडे!
तुम्ही उडी माराल, तर पाणी उडेल, तर म्हैस भिजेल."

काकांनी पायाचा अंगठा पाण्यात घातला. लग्गेच बाहेर काढला. स्स्स्! अंगावर काटाच आला त्यांच्या.

"छे छे छे!" काका म्हणाले. "मी आधी कसा? आधी टोपीमावशीला जाऊ दे. माझ्याहून मोठी आहे ती. मोठ्यांचा मान आधी! तिने बुडी घेतली की मी उडी मारली."

"पण तुम्ही तर तयार आहात!"

"तयार आहे गं. पण आधी ती."

आईच्या दगडावर ऊन राहिलं ताटाएवढं.

एक पायरी वर. लुटुलुटु, लुटुलुटु.

तिथे होती टोपीमावशी. रबराची पिवळी टोपी. केस टोपीत, कान टोपीत. एक बट बाहेर यायची, ती मावशी आत ढकलायची. दुसरी यायची, तीही ढकलायची.

"टोपीमावशी, टोपीमावशी, बुडी घे ना!
ट्यूबकाका उडी मारत नाहीत,
म्हैसमावशी उठत नाही,
भोपळा काही सुटत नाही,
आणि मला जायचंय आईकडे!"

मावशीने एक कान टोपीतून बाहेर काढला. सगळं ऐकलं. कान परत आत घातला.

"छे छे छे! मी आधी कशी? आधी पंजेदादाला जाऊ दे. शहरातून आलाय, पाहुणा आहे. पाहुण्यांचा मान आधी! त्याने सूर मारला की मी बुडी घेतली."

"मावशी, ऊन चाललंय गं!"

पण मावशीचे दोन्ही कान टोपीत होते.

आईच्या दगडावर ऊन राहिलं भाकरीएवढं.

आणखी एक पायरी वर. लुटुलुटु, लुटुलुटु.

तिथे होता पंजेदादा. पायांत रबरी पंजे. हिरवे, बदकासारखे. दादा एक पाऊल चालला, फटाक! दुसरं पाऊल चालला, फटाक! नाकुली पटकन बाजूला झाली. नाहीतर झाली असती तिची पोळी.

"पंजेदादा, पंजेदादा, सूर मार ना!
टोपीमावशी बुडी घेत नाही,
ट्यूबकाका उडी मारत नाहीत,
म्हैसमावशी उठत नाही,
भोपळा काही सुटत नाही,
आणि मला जायचंय आईकडे!"

"मारतो की!" दादा म्हणाला.

नाकुली आनंदाने उडालीच. टुण्!

"मारतो, पण..." दादाने मागे बघितलं. आवाज बारीक केला. "वर चष्मेगुरुजी बसलेत ना. मला पोहायला त्यांनी शिकवलं. त्यांच्या आधी मी कसा जाऊ? ओरडतील मला. ते पायरी उतरले की मी सूर मारला."

"तू एवढा मोठा झालास, तरी घाबरतोस?"

"हळू बोल!" दादा म्हणाला.

नाकुलीने पाय आपटला. चिमुकला पाय, चिमुकला आवाज. टप्.

आईच्या दगडावर ऊन राहिलं पुरीएवढं.

आणखी एक पायरी वर. लुटुलुटु... लुटु... लुटु... पायऱ्या उंच होत्या. नाकुलीला धाप लागली.

तिथे होते चष्मेगुरुजी. डोळ्यांवर पाण्यातला चष्मा. निळा, गच्च बसलेला. गुरुजींना सगळं निळं दिसायचं.

"अरे वा! निळी चिचुंद्री!" गुरुजी म्हणाले.

"मी निळी नाही. गुरुजी, गुरुजी, पायरी उतरा ना!
पंजेदादा सूर मारत नाही,
टोपीमावशी बुडी घेत नाही,
ट्यूबकाका उडी मारत नाहीत,
म्हैसमावशी उठत नाही,
भोपळा काही सुटत नाही,
आणि मला जायचंय आईकडे!"

गुरुजींनी घसा साफ केला. खं खं!

"हे बघ बाळ. पाण्यात उतरण्याची एक पद्धत असते. पूर्वी आम्ही लहान होतो, तेव्हा..."

"गुरुजी, उतरताय का?"

"ऐकून तर घे! पूर्वी आम्ही लहान होतो, तेव्हा या तळ्यात..."

"गुरुजी! ऊन!"

गुरुजींनी चष्मा सारखा केला. कुणी त्यांना असं मधेच थांबवत नसे.

"छे छे छे," ते म्हणाले, पण जरा हळू. "मी आधी कसा? आधी सांगडआजी. मला पोहायला आजीने शिकवलं. ती जागची हलली की मी पायरी उतरलो."

आईच्या दगडावर ऊन राहिलं बत्ताशाएवढं.

आता सगळ्यात वरची पायरी. लुटु... लुटु... लुटु...

नाकुली मनात म्हणत होती, "मोठी माणसं किती बोलतात! पाणी समोर आहे. पाय आहेत. जायचं की पाण्यात! पण नाही. आधी तो, आधी ती, आधी ते. आता आजीही म्हणणार, आधी आणखी कुणीतरी. मग मी आभाळात जाऊ का विचारायला?"

वर होती सांगडआजी. सगळ्यात म्हातारी. पाठीला तीन मोठे सुके भोपळे, एका दोरीत बांधलेले. तीच तिची सांगड. सांगड पाठीला, पदर खोचलेला, आजी अगदी तयार!

नाकुली आजीसमोर उभी राहिली. नाक वर केलं.

"सांगडआजी, सांगडआजी, हल ना गं जागची!
गुरुजी पायरी उतरत नाहीत,
पंजेदादा सूर मारत नाही,
टोपीमावशी बुडी घेत नाही,
ट्यूबकाका उडी मारत नाहीत,
म्हैसमावशी उठत नाही,
भोपळा काही सुटत नाही,
आणि मला जायचंय आईकडे!"

"शूऽऽऽ," आजी म्हणाली.

"शू काय? तुझ्या आधी कोण ते सांग!"

"शूऽऽ, बाई माझे. इकडे ये. हे बघ."

नाकुली पुढे गेली. आजीच्या मांडीवर एक बाळ होतं. झोपलेलं. गोल गोल, गुबगुबीत.

"हा ढमू," आजी कुजबुजली. "सकाळपासून रडत होता. दात येतोय ना त्याला. आत्ता कुठे डोळा लागलाय. मी तर कधीची तयार आहे गं. मला पाणी म्हणजे जीव की प्राण. पण कशी हलू? ढमू उठला की मी हलले."

नाकुलीने खाली बघितलं. आईच्या दगडावर ऊन राहिलं शेंगदाण्याएवढं. दगडावर आई उभी होती. इथून ती एवढीशी दिसत होती, ठिपक्याएवढी.

खालून सगळी मोठी माणसं बघत होती. आता सगळ्यांना घाई!

"उठव त्याला!" ट्यूबकाका म्हणाले.

"टाळी वाजव!" टोपीमावशी म्हणाली.

"पाय ओढ त्याचा!" पंजेदादा म्हणाला.

"कानात ओरड. मोठ्याने," गुरुजी म्हणाले.

"खबरदार!" आजीने डोळे वटारले. खाली सगळे चिडीचूप.

नाकुली ढमूच्या कानापाशी गेली. तिचा आवाज बारीक, पण टोकदार. एकदा जोरात चुंईऽऽ केलं असतं ना, ढमू ताडकन उठला असता. आजी हलली असती, सगळे हलले असते, भोपळा सुटला असता. फक्त एकदा चुंईऽऽ.

नाकुलीने तोंड उघडलं.

ढमूची मूठ मिटलेली होती. ओठांवर एक बुडबुडा होता. गालावर रडल्याचा ओघळ होता, अजून ओला. श्वास आत. श्वास बाहेर. बुडबुडा मोठा. बुडबुडा छोटा.

नाकुलीने तोंड मिटलं.

"झोप," ती म्हणाली. "झोप तू."

मग ती ढमूच्या पायाशी गेली. तिचे पाय दुखत होते. इतक्या पायऱ्या चढली होती ना. तिने टोपी काढून बाजूला ठेवली. डोळ्यांतून एक थेंब आला, तो नाकावरून घसरला. नाक लांब, थेंबाला वेळ लागला. मग ती ढमूच्या तळव्याला टेकून बसली. तळवा होता ऊबदार. अगदी आईच्या कुशीसारखा.

आणि हळू, अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली,

"ढमू काही उठत नाही,
आजी जागची हलत नाही,
गुरुजी पायरी उतरत नाहीत,
पंजेदादा सूर मारत नाही,
टोपीमावशी बुडी घेत नाही,
ट्यूबकाका उडी मारत नाहीत,
म्हैसमावशी उठत नाही,
भोपळा काही सुटत नाही,
आणि मला... जायचंय... आईकडे..."

नाकुलीने नाक तळव्यावर टेकलं. नाकाला मिशा होत्या. मऊ मऊ, बारीक बारीक. नाकुली श्वास घेई, तशा मिशा हलत. सुं सुं. सुं सुं.

ढमूचा अंगठा हलला.

सुं सुं. सुं सुं.

ढमूची बोटं वळली.

सुं सुं. सुं सुं.

ढमूने डोळे उघडले. पायाशी बघितलं. लांब नाक! मिचमिचे डोळे! मिशा!

खुद्! खुदुक्! खुदखुदखुद!

ढमू हसला! हसताना दिसला एक दात. एकच. पांढरा शुभ्र, तांदळाएवढा.

"अगो बाई! आला की दात!" आजी म्हणाली. "उठलास राजा? चल तर मग, चल!"

आजीने ढमूला कडेवर घेतलं. नाकुलीला हातावर घेतलं. आणि झपझप, झपझप पायऱ्या उतरली. पाठीवर सांगड वाजली. ठक ठक ठक!

"आजी, या! पहिला मान तुमचा!" गुरुजी म्हणाले.

"मान राहू दे तुझा कनवटीला," आजी म्हणाली. "आज पहिलं पाणी ढमूचं."

तिने नाकुलीला पायरीवर ठेवलं आणि वाकून ढमूचे पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. ढमूने डोळे मोठ्ठे केले. सगळे बघत राहिले. रडणार? आता रडणार?

छप्! ढमूने पाय मारला.
छप् छप् छप्! आणखी मारला.
आणि खुदखुदखुद!

तळ्यात सगळ्यात आधी गेला सगळ्यात छोटा!

मग काय!

ढमू हसला,
म्हणून आजी हलली. डुब्!
आजी हलली,
म्हणून गुरुजी पायरी उतरले. एक, दोन, छुबुक्!
गुरुजी पायरी उतरले,
म्हणून पंजेदादाने सूर मारला. सुंऽऽऽई!
पंजेदादाने सूर मारला,
म्हणून टोपीमावशीने बुडी घेतली. गुडुप्!
टोपीमावशीने बुडी घेतली,
म्हणून ट्यूबकाकांनी उडी मारली.

ट्यूबकाकांनी कशी उडी मारली?

धब्बाऽऽऽक्!

पाणी उडालं वर. वर वर वर. आणि आलं खाली. खाली खाली खाली. सगळंच्या सगळं म्हशीच्या पाठीवर. धो धो धो!

"हांऽऽऽ," म्हैस म्हणाली. "याला म्हणतात पाणी."

आणि म्हैस उठली! आधी मागचे पाय. मग पुढचे पाय. मग अंग झटकलं. फडफडफड!

म्हैस उठली,
म्हणून भोपळा सुटला!
टुब्! पाण्यात पडला, आणि डोलत डोलत तरंगायला लागला.

आजीने तो उचलला. नाकुलीच्या पाठीवर चढवला. एक बंद इकडून, एक बंद तिकडून. "हं, आता जा."

"ऊन?" नाकुलीने विचारलं. तिला बघायची भीती वाटत होती.

"आहे की," आजी म्हणाली. "इवलंसं आहे. पण आहे."

नाकुलीने नाकाला चिमटा लावला. नाकुली पाण्यात शिरली.

अय्या! पाणी गार! पाणी मऊ! पाणी सगळीकडे! पाय खाली टेकेनात. पण पाठीवर भोपळा होता. भोपळ्याने तिला धरून ठेवलं.

लगेच मागून आवाज सुरू झाले.

"हात मार, हात!" ट्यूबकाका ओरडले.

"हात नको, आधी पाय!" पंजेदादा ओरडला.

"मान वर!" मावशी ओरडली.

"पूर्वी आम्ही लहान होतो, तेव्हा..." गुरुजी सुरू झाले.

नाकुली पाण्यातच वळली.

"गँप्प बँसा बँघू सँगळे! मँला आँई शिँकवणार आँहे!"

सगळे गप्प. म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली. आजी मात्र पदर तोंडाला लावून हसत होती.

आता नाकुलीला एकच आवाज ऐकू आला. आईचा.

"ये नाकुले. माझ्याकडे बघ. पाण्याकडे नको, माझ्याकडे बघ. एक पाय."

छुब्.

"दुसरा पाय."

छुब्.

"अस्सं. ये, ये. मी आहे."

छुबुक. छुबुक. छुबुक छुबुक. मधेच नाकात पाणी जाणार होतं, पण चिमटा होता. मधेच अंग कलंडणार होतं, पण भोपळा होता. छुबुक छुबुक, छुबुक छुबुक. आई जवळ आली. अजून जवळ आली. अजून थोडी.

टुक्!

नाकुलीचं नाक आईच्या नाकाला लागलं. मग नाकुली पोचली.

आईने तिला दगडावर ओढून घेतलं. चिमटा काढला. नाकावरचं पाणी चाटून टाकलं. कानातलं पाणी चाटून टाकलं. नाकुली थरथरत होती, आणि हसतही होती. दोघी उन्हात बसल्या. ऊन इवलंसं होतं, पण दोघीही इवल्याशाच होत्या. मावल्या.

नाकुलीने मागे वळून बघितलं. काठ तिकडे लांब होता. मधे पाणीच पाणी.

"आई, एवढं पाणी मी आले?"

"हो गं नाकुले. एवढं पाणी तू आलीस."

पाणी आलं ओठाला,
गोष्ट आली काठाला.
नाक पुसा, कान पुसा,
चला आता जेवायला!